‘डिरेक्टर’मधील ‘तुम्ही’ कोण?

व्यावसायिकाने आपल्या धंद्याची रीत सांगणारा ग्रंथ लिहिला, की त्याची गणना एकतर शास्त्रीय वाङ्मयात होते, नाहीतर जाहिरातीत. आणि जाहिरात म्हटली की समीक्षकाने तिकडे पाहावयाचे नाही, असा संकेत आहे. टॉमस चिपेंडेल या लंडनच्या फर्निचर-कारागिराने १७५४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डिरेक्टर’ हा ग्रंथ या संकेताला अडचणीत आणतो. तो दोन्ही आहे. आणि तो दोन्ही कसा आहे, हे त्याच्या भाषेवरूनच कळते.

चिपेंडेल यॉर्कशरमधील ऑटली गावचा, जन्म १७१८. लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये त्याने दुकान थाटले आणि त्याच सुमारास हा ग्रंथ काढला. ताम्रपटावर कोरून छापलेल्या १६० आकृत्या, आगाऊ जमविलेली वर्गणी, नॉर्दम्बरलंडच्या अर्लला केलेले अर्पण, असा सगळा थाट. वर्गणीदारांच्या यादीत उमराव आहेत, तसे सुतार व तत्सम कारागीरही मोठ्या संख्येने आहेत. ग्रंथाच्या नावातच हे दोन वाचक शेजारी बसविलेले आहेत: सद्गृहस्थाने निवडावे, कारागिराने घडवावे.

हा शेजार निभावतो कसा? खुर्च्यांच्या टिपेत चिपेंडेल सांगतो, की पुढचे पाय निरनिराळे काढले आहेत, ते ‘तुम्हांला’ निवड करणे सोपे जावे म्हणून. आणि नक्षी अधिक झाली असे ‘तुम्हांला’ वाटल्यास ती खुशाल वगळता येईल. हा ‘तुम्ही’ कोण? निवड करणारे ते गिऱ्हाईक. नक्षी प्रत्यक्षात वगळणारा मात्र हातात पटाशी धरलेला मनुष्य. इंग्रजीतील ‘यू’ हे सर्वनाम दर्जा दाखवीत नाही, म्हणून दोघेही त्या एका शब्दात मावतात. हीच टीप मराठीत लिहावयाची झाल्यास लेखकाची पंचाईत होईल. उमरावास ‘आपण’ म्हणावे लागेल, सुतारास ‘तुम्ही’. आणि या पेचातून सुटका हवी असेल तर ‘नक्षी वगळावी’ असा विध्यर्थ योजून कर्त्यालाच वगळावे लागेल. पाकशास्त्रावरील मराठी पुस्तकांनी हाच मार्ग पत्करलेला दिसतो.

स्वतःविषयी बोलताना चिपेंडेलची युक्ती निराळी. फितीची नक्षी असलेल्या पाठीच्या खुर्च्या या आपण पाहिलेल्यांत सर्वोत्तम आहेत, असे तो आत्मप्रौढीची क्षमा मागून सांगतो. येथे ‘मी’ स्पष्ट आहे. लगेच पुढे मात्र त्या ‘घडविल्या गेल्या’ असून पसंत पडल्या आहेत, असा कर्मणी प्रयोग येतो. कोणाच्या दुकानात, हे सांगितलेले नाही. सांगण्याची आवश्यकताही नव्हती!

यावरून ग्रंथ पोकळ आहे, असे समजणे अन्यायाचे होईल. आरंभी वास्तुकलेतील स्तंभांचे पाच प्रकार व यथार्थदर्शन यांचे विवेचन आहे, पुढे मापे आहेत, गलथ्यांचे मोठ्या प्रमाणावर काढलेले छेद आहेत. होतकरू कारागिराला हे खरेखुरे शिक्षण होते. पण लाकूड कसे मुरवावे, सांधा कसा धरावा, सरस कसा लावावा, याविषयी जवळजवळ मौन आहे. जे आकृतीत मावते ते दिले. जे हातात असते ते दुकानातच राहिले.

या मौनाची खरी परीक्षा प्रस्तावनेत होते. या आकृत्या दिसावयास मोहक, पण कोणाही कारागिराला घडविता येणार नाहीत, असा आक्षेप चिपेंडेल स्वतःच मांडतो. शिकविणाऱ्या ग्रंथाकडून अपेक्षित असलेले उत्तर म्हणजे घडविण्याची रीत. चिपेंडेल देतो ते वचन: जे उमराव व सद्गृहस्थ आज्ञा करतील त्यांना प्रत्येक आकृती प्रत्यक्षात अधिकच सुंदर करून दाखवू, आणि त्याखाली सही. कथनाच्या जागी वचन येते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ‘बोलणे हीच कृती’ असलेल्या ज्या वाक्यांची चिकित्सा केली, त्यांत वचन हे ठळक उदाहरण आहे. ‘डिरेक्टर’चा दुबळेपणा असेल तर तो या एकाच ठिकाणी आहे. येथे ‘तुम्ही’ दुभंगतो आणि सुतार वाचकांतून बाहेर पडतो.

तरीही या व्यवहारात चिपेंडेलने किंमत मोजली नाही असे नव्हे. त्याच्या आकृत्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्या, अमेरिकेतील सुतारांनीही त्या उचलल्या. इन्स आणि मेह्यू या जोडीने त्याच धर्तीचा ग्रंथ काढला. चिपेंडेलने १७६२ च्या तिसऱ्या आवृत्तीत आकृत्या २०० केल्या. मोबदलाही मिळाला: १७५९ मध्ये स्कॉटलंडमधील डमफ्रीज हाउसचे काम आले, पुढे यॉर्कशरमधील नॉस्टेल प्रायरी व हेअरवुड हाउस यांचे. यांपैकी हेअरवुडचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील उत्कृष्ट वस्तू नव-अभिजात शैलीच्या आहेत आणि त्यांचे नमुने ‘डिरेक्टर’मध्ये सापडत नाहीत. ग्रंथाने गिऱ्हाइकास आणले ते आकृतीसाठी नव्हे, आकृती काढणाऱ्यासाठी.

चिपेंडेलने आपल्या फर्निचरवर नावाची चिठ्ठी डकविल्याचे आढळत नाही. त्याची निर्मिती ओळखावयाची तर जुन्या बिलांचा व पत्रांचा आधार घ्यावा लागतो. नाव होते ते ग्रंथावर. लिलावाच्या याद्यांत ‘चिपेंडेल’ हे बहुधा शैलीचे विशेषण असते, आणि त्या विशेषणाने वर्णिलेल्या बहुतेक खुर्च्यांना त्याचा हातही लागलेला नाही.