कोर्ड यांची पुस्तिका आणि भाषेचा मुद्दा

‘ब्रिटिश शाळाव्यवस्थेत वेस्ट इंडियन मूल शैक्षणिकदृष्ट्या अवसामान्य कसे बनविले जाते’ अशा आशयाच्या शीर्षकाची बर्नार्ड कोर्ड यांची छोटी इंग्रजी पुस्तिका १९७१ साली लंडनच्या न्यू बीकन बुक्सने प्रसिद्ध केली. या शीर्षकातील ‘बनविले जाते’ हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. कॅरिबियन बेटांतून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची मुले इंग्लंडातील शाळांत मागे पडत. त्याचे कारण मुलाच्या बुद्धीत किंवा घरात शोधण्याचा प्रघात होता. कोर्ड यांनी ते शाळेत शोधले. ते स्वतः ग्रेनाडाचे असून लंडनमधील ‘अवसामान्यां’च्या खास शाळांत त्यांनी अध्यापन केले होते.

त्यांच्या युक्तिवादाचा पाया म्हणजे लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाचीच आकडेवारी होय. १९६७ साली तेथील सर्वसामान्य शाळांत स्थलांतरितांच्या मुलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर खास शाळांत २८ टक्के होते. १९७० मध्ये हेच आकडे अनुक्रमे सुमारे १७ व ३४ झाले. खास शाळांतील या मुलांत बहुसंख्य वेस्ट इंडियन होती. बुद्धिमापन करणाऱ्यांच्या निर्णयात सांस्कृतिक, वर्गीय आणि मुलाच्या भावनिक अस्वास्थ्याकडे दुर्लक्ष करणारा असे तीन पूर्वग्रह कोर्ड दाखवितात. त्यांची भाषा तापलेली आहे. पण पुस्तिका पालकांसाठी लिहिलेली असल्याने तिला प्रबंधाचे निकष लावणे अन्यायाचे ठरेल.

तथापि भाषाभ्यासकाला एक उणीव जाणवते. भाषेचा मुद्दा पुस्तिकेत येतो खरा, परंतु लेखक त्यावरून मुलाच्या आत्मसन्मानाच्या प्रश्नाकडे लवकर वळतात. वस्तुतः सर्वांत भक्कम पुरावा येथेच होता. जमैकन क्रिओलमध्ये कृतिवाचक क्रियापद प्रत्ययाविना योजले की सामान्यतः भूतकाळाचा बोध होतो, स्थितिवाचक योजले की वर्तमानाचा. अनेकवचनासाठी नामापुढे ‘डेम’ येते : ‘दि पिकनी डेम’ म्हणजे ‘ती मुले’. ही नियमबद्ध व्यवस्था आहे. इंग्रजी प्रत्ययांची अपेक्षा बाळगणाऱ्या शिक्षकाला मात्र तीत केवळ गळलेले प्रत्यय दिसतात. नळाला घरी ‘पाइप’ म्हणणाऱ्या मुलाला शाळेतील नळाचा शब्द ओळखता आला नाही, तर चूक बुद्धीच्या खाती जमा होते. फ्रेडरिक कॅसिडी यांचा ‘जमैका टॉक’ १९६१ साली, बेरिल बेली यांचे जमैकन क्रिओलचे वाक्यविन्यासशास्त्र १९६६ साली, आणि कॅसिडी व ले पेज यांचा कोश १९६७ साली प्रकाशित झाला होता. म्हणजे कोर्ड लिहीत होते तेव्हा या भाषेला व्याकरण आहे की नाही, हा प्रश्न विद्येच्या क्षेत्रात निकालात निघालेला होता. ते बळ पुस्तिकेत पुरते उतरलेले नाही.

यातला विपर्यास असा. पंजाबी किंवा गुजराती मुलाला इंग्रजी येत नाही, हे शिक्षकाला पहिल्याच दिवशी कळे व त्याच्यासाठी स्वतंत्र भाषावर्ग निघत. जमैकन मूल इंग्रजीच बोलते, फक्त वाईट बोलते, असा समज असल्याने त्याला असा वर्ग सहसा लाभत नसे. भाषिक साहाय्यासाठी ते पुरेसे परके ठरले नाही आणि परीक्षेसाठी पुरेसे इंग्रजही ठरले नाही.

उपाय म्हणून कोर्ड पालकांना पूरक शाळा काढावयास सांगतात. जॉन ला रोझ यांनी १९६९ साली लंडनमध्ये जॉर्ज पॅडमोर यांच्या नावाने अशी शाळा सुरू केली होती. शनिवारी भरणाऱ्या या स्वयंसेवी शाळांत वाचन व गणित यांबरोबर कृष्णवर्णीयांचा इतिहासही शिकविला जाई. त्यांचे मोल प्रस्तुत लेखकाला निःसंशय वाटते. मुलाकडून अपेक्षा बाळगणारा शिक्षक तेथे भेटे. पण आपल्याच घरच्या बोलीला ‘मोडके इंग्रजी’ म्हणणारे पालकही थोडे नव्हते, आणि त्यांच्या मनातील ही लाज इतिहासाच्या तासाने आपोआप जाणारी नव्हती.

कोर्ड पुढे ग्रेनाडाच्या राजकारणात शिरले; १९८३ सालच्या तेथील रक्तरंजित सत्तासंघर्षाबद्दल त्यांना २००९ पर्यंत कारावास भोगावा लागला. त्यामुळे पुस्तिकेचे आकडे खोटे ठरत नाहीत. स्टीव्ह मॅक्वीन यांच्या २०२० सालच्या ‘एज्युकेशन’ या चित्रपटाने तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले.

‘शैक्षणिकदृष्ट्या अवसामान्य’ हा वर्ग १९८१ च्या शिक्षण कायद्याने संपुष्टात आणला. घरची भाषा अध्यापनाच्या भाषेहून वेगळी आहे एवढ्याच कारणावरून मुलाला अध्ययनात अडचण आहे असे मानू नये, अशी तरतूद त्यात आहे. आणि ‘भाषा’ या शब्दानंतर कंसात ‘किंवा भाषेचे रूप’ अशी भर घातलेली आहे. पंजाबी मुलासाठी त्या कंसाची गरज नव्हती.