डिलनचा चेहरा आणि डिलनचे झीलकरी

चरित्रपटातला गायक दोन माणसांत वाटून घेण्याची आपल्याला सवय आहे. ‘बालगंधर्व’ (२०११) मध्ये चेहरा सुबोध भावे यांचा आणि गळा आनंद भाटे यांचा होता. ही वाटणी कोणाला खटकली नाही. बॉब डिलनच्या बाबतीत मात्र ती अवघड होऊन बसते. गळ्यात अडकवलेल्या तारेच्या चौकटीत हार्मोनिका, हातात गिटार, आणि ज्या श्वासावर गाणे त्याच श्वासावर वादन. ओठ आणि आवाज वेगवेगळ्या माणसांचे असले, तर जवळच्या दृश्यात चोरी पकडली जाण्याची भीती.

जेम्स मॅनगोल्ड यांनी ‘अ कम्प्लीट अननोन’ (२०२४) मध्ये म्हणूनच टिमथी शॅलमेला स्वतःच्या आवाजात गायला लावले. ‘वॉक द लाइन’ (२००५) मध्ये वाकीन फीनिक्सकडूनही त्यांनी तेच करून घेतले होते. कोविड आणि २०२३ चा हॉलिवूडमधला संप यांमुळे चित्रीकरण लांबले, ते शॅलमेच्या पथ्यावरच पडले. गिटार आणि हार्मोनिका शिकायला त्याला काही वर्षे मिळाली, आणि बरीच गाणी त्याने कॅमेऱ्यासमोर थेट गायली. डिलनचा अनुनासिक खरखरीतपणा तो नकलेच्या पातळीवर उतरू देत नाही. या निवडीबद्दल आधी जी कुरकुर झाली, ती पडद्यावर टिकत नाही.

पण वाटणी कधीच चालत नाही, असेही नाही. टॉड हेन्स यांच्या ‘आय ॲम नॉट देअर’ (२००७) मध्ये सहा कलावंत मिळून एक डिलन होतात. त्यात एक कृष्णवर्णीय मुलगा आहे आणि केट ब्लँचेटही आहे. तिच्या तोंडची गाणी स्टीफन माल्कमसने गायली आहेत, तरी १९६५-६६ चा तो चिडखोर, काटकुळा डिलन तिच्याइतका कोणालाच सापडलेला नाही. माणूसच फोडून टाकल्यावर आवाज फुटल्याचे काय वाटणार? आणि न्यूपोर्टच्या प्रसंगात हेन्स नायकासोबत बँडलाही उभा करतात. सगळे मिळून श्रोत्यांवर मशिनगन रोखतात. हल्ला एकट्याचा नाही.

माझा आक्षेप इथे सुरू होतो. लोकसंगीताला विजेची जोड एका माणसाने दिली नाही. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या मंचावर डिलनमागे माइक ब्लूमफील्डची गिटार होती, अल कूपरचा ऑर्गन होता, आणि ठेक्याला जेरोम आर्नल्ड व सॅम ले होते. हे शेवटचे दोघे कृष्णवर्णीय वादक शिकागोत हाउलिन वुल्फसारख्या ब्लूजगायकामागे वाजवून आलेले. त्या रात्री ज्या आवाजाने लोक बिथरले, त्याचा पाया त्यांचा होता. मॅनगोल्ड यांच्या चित्रपटात कूपरला ऑर्गनवर बसण्याचा एक गमतीदार प्रसंग मिळतो. आर्नल्ड आणि ले मात्र पाठीमागच्या आकृत्याच राहतात. पोवाड्यात झीलकरी नुसते उभे करून शाहिराला एकट्याला गायला लावावे, तसे हे झाले.

विरोधी बाजूला मात्र माणूस पूर्ण आहे. पीट सीगरच्या भूमिकेसाठी एडवर्ड नॉर्टन बँजो शिकला. श्रोत्यांकडून गाणे गाऊन घेणारा, हसतमुख, आतून दुखावलेला सीगर त्याने फार संयमाने उभा केला आहे. त्यामुळे न्यूपोर्टचे भांडण सीगर आणि डिलन या दोघांचे घरगुती भांडण वाटते. त्यामागे संगीताच्या दोन परंपरा होत्या, हे फारसे जाणवत नाही.

‘जूडास’ ही आरोळी डिलनला प्रत्यक्षात ऐकावी लागली ती १७ मे १९६६ रोजी, मँचेस्टरला. मॅनगोल्ड ती न्यूपोर्टला आणतात. चित्रपटाला एवढी सूट द्यायला हरकत नाही. पण मँचेस्टरला त्याच्यामागे रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल आणि गार्थ हडसन होते. पुढे ‘द बँड’ म्हणून गाजलेले. आरोळीची जागा बदलली, आणि या चौघांसाठी नट शोधण्याची गरजच उरली नाही.