'बिनीचा' कोणास म्हणावे?

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पापनाशमच्या अलीकडे, सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे लहानसे स्थानक आहे. गावाचे नाव तेथील विष्णुमंदिरावरून पडलेले. गेल्या संक्रांतीच्या सुमारास तेथे एका तंजावरी मराठी घरी उतरण्याचा योग आम्हांस आला. यजमान वयोवृद्ध, घरातील बोलणे मराठी, वाचन मात्र तमिळ. सकाळी वर्तमानपत्र चाळता चाळता त्यांनी एका नटाच्या नावामागील 'मुन्नणि' या शब्दावर बोट ठेविले आणि यास आपल्या भाषेत काय म्हणाल, असे विचारिले. आम्ही चटकन 'बिनीचा' असे उत्तर दिले. "म्हणजे काय?" हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि तेथे आम्ही अडखळलो. जो शब्द उठल्याबसल्या लिहावयाचा, त्याचा अर्थ एका साध्या प्रश्नापुढे सांगता येऊ नये, ही नामुष्की खरी. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

'मुन्नणि'ची फोड सोपी आहे. 'मुन्' म्हणजे पुढे आणि 'अणि' म्हणजे रांग. सैन्याची पुढली रांग हा त्याचा मूळ भाव. आज तो नटांना व राजकीय पक्षांच्या जुटीला लागतो. आपल्या 'आघाडी'ची कथा हीच. 'अग्र'पासून निघालेला हा शब्द फौजेच्या तोंडाशी उभा होता, घोड्याच्या पुढच्या दोरीलाही लागत होता. आता तो बहुधा निवडणुकीतच भेटतो. जुन्या तमिळमध्ये अग्रसैन्यास 'तूसि' असाही शब्द आहे, आणि नेमक्या याच रूपाचा दुसरा शब्द 'धूळ' या अर्थाचा आहे. मोगली लष्करातील 'हरावल' आणि त्याचा पिछाडीचा सोबती 'चंदावल' हेही याच पंक्तीतले.

'बिनी' मात्र या सर्वांहून निराळी आहे. फारसीत 'बीनी' म्हणजे नाक. डोंगराच्या पुढे आलेल्या सोंडेलाही ते नाव देतात. दुसऱ्या बाजूस 'बीन' म्हणजे पाहणारा. दूरचे पाहणारी ती आपली दुर्बीण. रूपाचा विचार करता पहिली व्युत्पत्ती आम्हांस सरळ वाटते. सैन्याचे जे नाक, ती बिनी. परंतु बिनीवाल्याचे काम पाहिले म्हणजे दुसरीचाही मोह पडतो.

ते काम काय होते? दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या थॉमस ब्रौटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत त्याचे वर्णन केले आहे. कूच होताच बिनीवाला पुढे जाई, तळाची जागा निवडी आणि महाराजांचे डेरे जेथे पडावयाचे तेथे लहानसे पांढरे निशाण रोवी. त्या खुणेवरून मागून येणारी छावणी आपापल्या जागी बसे. विसाजी कृष्ण चिंचाळकर यांचे आडनाव मागे पडून 'बिनीवाले' हेच नाव इतिहासात राहिले, ते या हुद्द्यामुळे. १७७१ साली मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि १७७२ च्या जानेवारीत शाह आलम तेथे परतला, त्या मोहिमेतील हे सरदार.

येथेच आमचा आक्षेप आहे. हल्ली 'बिनीचा कवी', 'बिनीचा समीक्षक' असे आपण लिहितो तेव्हा आपल्या मनात केवळ 'नामवंत' एवढेच असते. त्यात पुढे जाण्याचा धोका नाही आणि मागून येणाऱ्यांची चिंताही नाही. शब्दांनी अर्थ बदलू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. रणातली 'आघाडी' मतपेटीकडे गेली, तिला कोण अडविणार? परंतु 'बिनी'चा अर्थ पालटला नाही, तो रिता झाला. ज्याच्या मागे कोणी येत नाही, किंवा येणाऱ्यांसाठी ज्याने जागा पाहिली नाही, तो थोर असेल, पण बिनीचा नव्हे. टीकाकाराने हे विशेषण देण्यापूर्वी एवढेच पाहावे की, याच्या निशाणापाशी पुढे कोणी डेरा दिला काय?

या कसोटीस उतरणारी उदाहरणे आमच्या यजमानांच्या दारापासून दूर नव्हती. एकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरी स्थिरावले. १८५५ नंतर ते राज्य उरले नाही. पण बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला मराठी लेख आणि सरस्वती महालातील मोडी कागद ही रोवलेली निशाणेच आहेत. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झाले. मुलुखापासून दूर चाकरी करणाऱ्या आम्हां अधिकारीवर्गाचे ते खरे पूर्वज.

आपली बदली होते, बिऱ्हाड हलते, आणि पुढच्या मराठी कुटुंबास त्या गावी काय सापडते? एखादे वाचनालय, मुलांचा मराठी वर्ग, की नुसतीच रिकामी खोली? यजमानांस आम्ही अखेर पत्राने कळविले की, पुढे जाऊन मागच्यांसाठी पाणी आणि सावली पाहून ठेवणारा तो बिनीचा. त्या घराने साडेतीनशे वर्षे भाषेचा तळ राखिला आहे. त्यांस हा अर्थ आम्ही शिकवावा, हीच मुळी उलटी गोष्ट.