हललेला फोटो

‘फोटो हलला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो वाया गेला असेच आपल्याला म्हणायचे असते. व्हिएन्नात जन्मलेल्या अर्न्स्ट हास (१९२१–१९८६) या छायाचित्रकाराने मात्र फोटो मुद्दाम हलवले. स्पेनमधील पॅम्प्लोना येथे त्याने १९५६ साली माणूस आणि बैल यांच्या झुंजीची रंगीत छायाचित्रे घेतली. ही चित्रमालिका पुढच्या वर्षी अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकात आली. तिच्यातला बैल म्हणजे एक काळा लोट, आणि लढवय्याच्या हातातले कापड म्हणजे रंगाचा फटकारा. अशा चित्रांना ‘अमूर्त’ म्हणून बाजूला ठेवणे सोपे असते. मला ती एखाद्या प्रयोगाच्या नोंदीइतकी नेमकी वाटतात.

शटर एक अष्टमांश सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्या वेळातल्या सर्व प्रतिमांची फिल्मवर बेरीज होते. भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल आणि कॅमेरा या वेळात २ अंशांनी वळला, तर स्थिर वस्तूची प्रतिमा सुमारे पावणेदोन मिलिमीटर सरकते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत एवढे सरकणे डोळ्यांत भरते. पण कॅमेऱ्याबरोबर त्याच गतीने जाणारी वस्तू फिल्मवर जागच्या जागी राहते, म्हणून ती रेखीव उमटते.

हास बैलाच्या धावेबरोबर कॅमेरा फिरवतो. त्यामुळे मागची गर्दी आडव्या रेघांत विरघळते, बैलाचे धड बरेचसे टिकते; पाय आणि कापड यांच्या गती वेगळ्या, म्हणून त्यांचे फराटेही वेगळे. फराट्याची लांबी म्हणजे कॅमेऱ्याच्या तुलनेत असलेला वेग गुणिले वेळ. स्थिर, रेखीव चित्रात ही माहिती नसतेच. (शंका असेल त्याने रात्री जुन्या सोडियमच्या दिव्यासमोर कॅमेरा वळवून पाहावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, आणि एक दशांश सेकंदाच्या फराट्यात दहा मणी मोजता येतात.)

या तंत्राचे अनुकरण पुष्कळ झाले. उंच झाडांसमोर कॅमेरा वरून खाली ओढला की हालचालीला समांतर असलेल्या खोडांच्या कडा शाबूत राहतात आणि पाने पुसली जातात. चित्र हमखास ‘काव्यमय’ दिसते. एक-दोन पाहून झाली की कंटाळा येतो, कारण तिथे सारी गती एकट्या कॅमेऱ्याची असते. झाडाला स्वतःचे काही सांगायला वावच राहत नाही. हासच्या चित्रात छायाचित्रकार, बैल आणि माणूस अशा तीन गतींची ओढाताण चालते.

तरीही एक तक्रार उरते. सरकण्याच्या अंतरापेक्षा लहान असलेले तपशील या पद्धतीत पुसले जातात, आणि जखम ही अशीच लहान गोष्ट आहे. या खेळात बैलाच्या खांद्यांत भाले रुततात आणि शेवटी त्याला तलवारीने मारले जाते. गतीची एवढी प्रामाणिक नोंद ठेवणारा फराटा रक्ताच्या बाबतीत मात्र सोयीस्कर ठरतो. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हासच्या रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले, तो मान त्याच्या नजरेला मिळायलाच हवा होता. पण ही झुंजीची चित्रे वर्गात दाखवायची झाली, तर त्याच रिंगणातला एखादा साधा, रेखीव फोटो मी शेजारी ठेवीन.