कच्चा लिंबू आणि लाल टी

सायखेड्यात येऊन डिस्क गोल्फवर बोलायचं म्हणजे कांद्याच्या बाजारात येऊन सफरचंदाचा भाव सांगण्यासारखं आहे, याची मला कल्पना आहे. विषय ऐकून मागच्या रांगेत दोन-तीन जण हसले, तेही मी पाहिलं. हसा, पण तासभर बसा. कारण मी खरं तर तुमच्या शाळेच्या मैदानाबद्दल बोलणार आहे.

आधी खेळ काय ते सांगतो. हातात एक प्लास्टिकची तबकडी. समोर लांबवर लोखंडी खांबाला टांगलेल्या साखळ्या आणि त्यांच्याखाली एक टोपली. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची, आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. अशा नऊ किंवा अठरा टोपल्यांचा मिळून एक कोर्स होतो. पहिली फेक जिथून करतात त्या जागेला 'टी' म्हणतात. हा टी म्हणजे चहा नव्हे! अमेरिकेत एड हेड्रिक यांनी 1975 साली कॅलिफोर्नियात पहिला कायमचा कोर्स आखला आणि 1976 साली खेळाडूंची संघटना काढली. तिथपासून हा खेळ बहुतेक करून सार्वजनिक बागांमध्ये वाढला. तिकीट नाही, गणवेश नाही.

आता समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता, नाटक, सिनेमा आठवतो. पण मैदानाचीही समीक्षा होऊ शकते, व्हायला हवी. कारण मैदान आखणारा माणूस चुन्याची रेघ मारतो तेव्हा एक निर्णय घेत असतो: कोण आत, कोण बाहेर. फक्त तो निर्णय कुठे लिहून ठेवत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही.

लहानपणी आपण सगळे खेळलो. धाकटा भाऊ किंवा शेजारची चिमुरडी हट्ट करायची, मला पण घ्या. मग आपण काय करायचो? 'हा कच्चा लिंबू!' म्हणजे तो पळणार, ओरडणार, पण आउट झाला तरी आउट नाही, आणि त्याने कुणाला पकडलं तरी ते धरायचं नाही. किती प्रेमळ सोय आहे बघा. आणि किती क्रूर! त्या पोराला पहिल्या पाच मिनिटांत कळतं की आपण असलो काय, नसलो काय, खेळाला फरक पडत नाही. कच्च्या लिंबाला प्रवेश आहे, गणती नाही. आजचा माझा मुद्दा एवढाच आहे. कमी ताकदीच्या, कमी सरावाच्या माणसाला खेळात घ्यायचं, आणि त्याची गणतीही करायची, हे कसं जमवायचं?

जगातल्या खेळांनी याची चार उत्तरं काढली आहेत.

पहिलं उत्तर, मैदान बदला. आपली कबड्डी घ्या. पुरुषांचं मैदान 13 मीटर बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8, त्याहून लहान मुलांचं 11 बाय 8. दुसरं उत्तर, साधन बदला. बास्केटबॉलमध्ये टोपली सगळ्यांना 3.05 मीटर उंचीवरच, पण महिलांचा चेंडू थोडा लहान. तिसरं, सुरुवात बदला. डिस्क गोल्फमध्ये टोपली एकच, पण टी वेगवेगळ्या: सोनेरी सर्वात लांब, मग निळी, पांढरी, लाल. चौथं उत्तर सर्वात अवघड, ते म्हणजे वाट बदला. त्याच्याकडे शेवटी येऊ.

पहिल्या उत्तराचा फायदा स्पष्ट आहे. बरोबरीचे बरोबरीच्यांशी लढतात, स्पर्धा न्याय्य होते. पण गावात काय होतं? मैदान एकच असतं आणि रेघा बहुधा मोठ्या पोरांच्या मापाच्या असतात. मुलींसाठी वेगळ्या रेघा मारायच्या तर ते 'नंतर बघू'वर जातं. वर्गवारीवर उभी असलेली व्यवस्था जागा आणि वेळ भरपूर असेल तरच चालते. शिवाय ती माणसांना वेगळं करते. आजोबा आणि नात एका कबड्डीत कधीच येणार नाहीत.

डिस्क गोल्फच्या तिसऱ्या उत्तरात आजोबा, नात आणि कॉलेजातला मुलगा एकत्र चालू शकतात. मुलगा निळ्या टीवरून फेकेल, नात लालवरून. टोपली तीच, आकडा खरा. इथे कुणी कच्चा लिंबू नाही. म्हणूनच मला हा खेळ विचार करण्याजोगा वाटतो.

पण कौतुक इथेच थांबवतो, कारण बऱ्याच कोर्सवर हे उत्तर अर्धवट राबवलेलं असतं. माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप. टी पुढे सरकवली की आखणी झाली, असं नाही. समजा शंभर मीटरवर टोपली आहे आणि मध्ये साठ मीटरवर एक मोठी बाभूळ. लांबून फेकणाऱ्यापुढे प्रश्न आहे: डावीकडून जावं, उजवीकडून, की वरून? हा प्रश्न म्हणजेच खेळ. आता लाल टी नेऊन बाभळीच्या पुढे ठेवली, तर अंतर कमी झालं, पण प्रश्नच गेला. नातीला आपण सोपा खेळ दिला नाही, रिकामा खेळ दिला. हे कच्च्या लिंबाचंच नवं रूप झालं. लाल टी बाभळीच्या अलीकडेच हवी, फक्त एवढ्या अंतरावर की तिच्या ताकदीलाही तोच प्रश्न पडावा.

दुसरा आक्षेप अडथळ्यांबद्दल. टीपासून चाळीस मीटरवर डबकं ठेवलेले कोर्स असतात. पट्टीचा खेळाडू शंभर मीटर सहज फेकतो, त्याला ते डबकं दिसतसुद्धा नाही. नवख्याची तबकडी नेमकी त्यात पडते. म्हणजे अडथळा कुणाला? ज्याला आधीच अवघड जातंय त्याला! आपल्या समाजात बरेच नियम असेच असतात, नाही का? ज्याची झेप मोठी तो वरून निघून जातो.

तिसरा आक्षेप रंगांचा. गोल्फमध्ये लाल टीला कित्येक वर्षं 'बायकांची टी' म्हणायचे. एकदा हे नाव पडलं की कुठला पुरुष तिथे उभा राहणार? तो मागच्या टीवर जातो, अठरा ठिकाणी घाम गाळतो आणि खेळाला नावं ठेवत घरी येतो. अमेरिकेत 2011 मध्ये गोल्फच्या मोठ्या संस्थांना मोहीमच काढावी लागली की बाबांनो, पुढच्या टीवरून खेळा. म्हणजे आखणी चांगली असूनही नावाने घात केला. टीवर वय किंवा लिंग लिहू नये. 'तुमची फेक साठ मीटर जाते का? मग इथून' एवढंच लिहावं.

आता चौथं उत्तर, वाट बदला. ॲलिस्टर मॅकेन्झी नावाचे पेशाने डॉक्टर असलेले गोल्फ मैदानांचे आखणीकार होते. 1920 साली त्यांनी या विषयावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचा आग्रह असा की अगदी नवख्यालाही आपल्या फेरीचा आनंद मिळाला पाहिजे, भले त्याचा आकडा मोठा होवो. त्यासाठी धोका आडवा टाकायचा नाही, एका बाजूला ठेवायचा. ज्याला मोठं बक्षीस हवं त्याने धोक्याजवळून जावं, बाकीच्यांना लांबची पण सुरक्षित वाट मोकळी. धोका कुणावर लादलेला नसतो, तो निवडलेला असतो. एकाच रानातून दोन वाटा.

हे इथे कसं दिसेल? कल्पना करू. गोदाकाठची एखादी मोकळी पट्टी. पहिली गोष्ट, लोखंडी टोपल्या काँक्रीटमध्ये रोवायच्या नाहीत. 2016 च्या ऑगस्टमधला पूर तुम्ही पाहिलाय, मी तुम्हाला काय सांगू? टोपल्या उचलून नेता येतील अशाच हव्यात. दुसरी, घाटाच्या आणि पायवाटेच्या रोखाने एकही फेक नको. तबकडी कडक असते, डोक्याला लागली तर खेळ संपला. तिसरी, उजव्या हाताच्या माणसाने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली तबकडी शेवटी डावीकडे वळते, आणि फेक जितकी हळू तितकी लवकर वळते. म्हणून पहिल्या दोन टोपल्या डावीकडे वळणाऱ्या ठेवा, नवख्याला तबकडीचा स्वभाव साथ देईल. पुढे उजवीकडे वळणाऱ्याही ठेवा, नाहीतर डावखुऱ्यावर अन्याय. आणि चौथी, नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीकडे वळायचंच नाही. तिथे पाहुणे पक्षी खेळतात, ते मैदान त्यांचं.

कुणी म्हणेल, साहेब, इथे कोण खेळणार हा खेळ? नाशिकमध्ये हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून 'गोल्फ क्लब' म्हणतात. नाव गोल्फचं, खेळ क्रिकेटचा, आणि सकाळी कडेने चालणारी माणसं सगळ्या वयाची. तेव्हा खेळ कुठलाही असो. माझं मागणं तबकडीचं नाहीच. उद्या शाळेच्या मैदानावर चुना टाकाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. सर्वात कमजोर मुलीपुढे खरा प्रश्न ठेवलाय का? अडथळा कुणाच्या वाटेत आहे? आणि तिचा आकडा वहीत लिहिला जातोय का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर आपण तिला खेळायला घेतलेलं नाही. तिला नुसतं मैदानात उभं केलंय.

आता प्रश्न घेऊ, आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.