‘चेन’ या मथळ्याखाली : आडनाव, लिप्यंतर आणि संशोधन

संशोधनग्रंथांच्या सूचीत ‘चेन’ या मथळ्याखाली येणारी नावे एकापाठोपाठ एक वाचीत गेल्यास एखादे विलक्षण संमेलन भरल्यासारखे वाटते. कोणी मूळ संख्यांचा अभ्यासक, कोणी तांग काळाचा इतिहासकार, कोणी राजनामांच्या निषेधाचा शोध घेणारा, तर कोणी समाजभाषाविज्ञानाचा पुरस्कर्ता. आडनाव एक, तेव्हा या कार्यांतही काही आंतरिक धागा असावा, अशी कल्पना हौशी वाचकाच्या मनात सहज येते. तसा धागा जोडून दाखविणारे लेखनही अधूनमधून होत असते. भाषेच्या अभ्यासकास मात्र त्याआधीचा प्रश्न विचारावा लागतो. हे आडनाव खरोखर एकच आहे काय?

त्याचे मूळ एका राज्याच्या नावात आहे. आजच्या हनान प्रांतात चौ राजवटीच्या काळी हे मांडलिक राज्य होते, आणि शुन या पुराणप्रसिद्ध राजाच्या वंशजांना ते मिळाले अशी परंपरा आहे. इ. स. पूर्व पाचव्या शतकात छू राज्याने ते गिळंकृत केले. गेलेल्या राज्याचे नाव मग कुळांना चिकटले. आज हे आडनाव लावणाऱ्यांची संख्या ५ कोटींहून अधिक आहे. तेव्हा दोन ‘चेन’ विद्वानांत नाते शोधणे म्हणजे सगळ्या कुलकर्ण्यांना एका घरचे समजण्यासारखेच होय.

यापुढे रोमन लिपीचा घोळ सुरू होतो. एकच चिनी अक्षर. त्याचा उच्चार कँटनकडे ‘चान’, फुच्येनच्या दक्षिण भागात ‘तान’, व्हिएतनाममध्ये ‘त्रान’. श्यामन विद्यापीठ १९२१ मध्ये स्थापन करणारे सिंगापूरचे उद्योगपती तान का-की हे या अर्थाने ‘चेन’च होत. उलट शांतिनिकेतनात १९३७ मध्ये उघडलेल्या चीनभवनाचे पहिले संचालक तान युन-शान यांचे ‘तान’ हे सर्वस्वी निराळे आडनाव आहे. सूचिकार दोघांनाही शेजारी बसवितो.

याहून बोधप्रद उदाहरण शिंग-शेन चर्न (१९११–२००४) यांचे. गाउस–बोने सिद्धान्ताची १९४४ मधील आंतरिक सिद्धता आणि १९४६ मध्ये मांडलेले वैशिष्ट्यदर्शक वर्ग यांमुळे त्यांचे नाव आधुनिक भूमितीत सर्वतोमुखी झाले. आपल्याकडील गणिताचे विद्यार्थीही ‘चर्न’ असा रकार घोळवून म्हणतात. वस्तुतः हा रकार उच्चारण्यासाठी नव्हताच. युआन-रन चाओ या थोर भाषावैज्ञानिकाच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या आणि १९२८ मध्ये अधिकृत ठरलेल्या रोमन लेखनपद्धतीत शब्दाचा सूर खुणेने न दाखविता स्पेलिंगमध्येच गुंफला जाई. या जातीच्या अक्षरात स्वरानंतर येणारा ‘र’ म्हणजे चढता सूर, एवढाच त्याचा अर्थ. सूर नसलेल्या भाषांनी त्या खुणेचे व्यंजन केले, आणि भूमितिकार आपल्या पाच कोटी नामबंधूंपासून सूचीत काही पाने दूर जाऊन पडला.

चर्न यांच्या कुनमिंग येथील विद्यार्थ्यांपैकी एक, पदार्थवैज्ञानिक चेन निंग यांग, यांच्या बाबतीत उलटा प्रकार. त्यांचे आडनाव यांग. ‘चेन’ हा व्यक्तिनामाचा अंश, आणि त्यातील आद्य व्यंजन अल्पप्राण. चर्न यांचे महाप्राण. मूळ भाषेत ही दोन अक्षरे कोणीही एक मानणार नाही. वेड–जाइल्स पद्धतीत महाप्राणासाठी एक लहानसा उद्गमचिन्हासारखा स्वल्प असे. मुद्रकांनी तो गाळला, आणि भेद नाहीसा झाला.

सूर व प्राण दोन्ही काटेकोर लिहूनही सर्व गाठी सुटतात असे नाही. चेन युआन या नावाचे तीन लेखक विसाव्या शतकात होऊन गेले. पहिले (१८८०–१९७१) इतिहासकार. सम्राटाच्या नावातील अक्षर लिहिण्यास मनाई असल्याने ग्रंथांत, स्थलनामांत, प्रसंगी आडनावांतही कसे बदल झाले आणि त्यांवरून ग्रंथाचा काळ कसा ठरवावा, हे दाखविणारा त्यांचा ग्रंथ १९२८ चा. दुसरे (१८९६–१९७०) ‘शी-यिंग’ या टोपणनावाने लिहिणारे टीकाकार, लू शुन यांच्याशी झालेल्या कडाक्याच्या वादामुळे स्मरणात राहिलेले. तिसरे (१९१८–२००४) कोशव्यवहाराचे जाणकार. त्यांचा समाजभाषाविज्ञानावरील ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. तिघांची अक्षरे निराळी : एकाचे ‘तट’, दुसऱ्याचे ‘उगम’, तिसऱ्याचे ‘मूळ’. प्रमाण चिनीत मात्र उच्चार एक आणि सूरही एकच. पहिले व तिसरे दोघेही क्वांगतुंग प्रांतातील शिनह्वेचे. कँटनच्या उच्चारात ‘तट’ आणि ‘मूळ’ हे शब्द स्पष्टपणे भिन्न आहेत. त्यांच्या प्रांताने राखलेला भेद राजधानीच्या भाषेने मिटविला, असे म्हणावे लागते. नामनिषेधाच्या इतिहासकाराच्या वाट्याला हे यावे, यात थोडी गंमत आहे.

या मथळ्याखालील ज्या विद्वानाकडे भारतीय अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे तो म्हणजे चेन यिन-ख (१८९०–१९६९). हार्वर्ड येथे लॅनमन यांच्यापाशी आणि पुढे बर्लिनमध्ये त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले व १९२६ पासून छिंगह्वा येथे अध्यापन केले. चाळिशीच्या दशकात दृष्टी गेल्यानंतरही मोठा चरित्रग्रंथ त्यांनी तोंडी सांगून लिहविला. १९३४ च्या ‘चार सुरांविषयी तीन प्रश्न’ या निबंधात त्यांनी विचारले, चिनी सूर चारच का मानले गेले? क, त, प यांसारख्या स्पर्शाने संपणारी अक्षरे सहज वेगळी पडतात, उरले तीन. हे तीन, त्यांच्या मते, भारतीय शिक्षाशास्त्रातील उदात्त, अनुदात्त व स्वरित यांच्या अनुकरणाने ठरले. इ. स. ४८९ मध्ये आजच्या नानचिंग येथे एका राजपुत्राने भिक्षूंना बोलावून सूत्रपठणाचे नवे सूर रचविले, आणि त्याच सुमारास शन युए व त्याच्या सोबत्यांनी काव्यात सुरांचे नियम घातले, हा त्यांचा ऐतिहासिक आधार.

उपपत्ती आकर्षक आहे. पण आम्हांस ती जशीच्या तशी मान्य करता येत नाही. उदात्तादी स्वर वेदपठणात टिकले. बोलीतून व अभिजात संस्कृतातून ते गेलेले होते. बौद्धांच्या सूत्रपठणात ते होते यास पुरावा हवा. चुल्लवग्गात बुद्धवचन ‘छंदसो’ मांडण्यास मनाई आहे. या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद असले तरी वैदिक स्वरांसह पठणास ते वचन अनुकूल नाही, हे निश्चित. शिवाय ओद्रिकूर यांनी १९५४ मध्ये व्हिएतनामी सुरांचा उगम लुप्त झालेल्या अंत्य व्यंजनांत दाखविला आणि तीच दिशा पुढे चिनीलाही लागू पडली. तेव्हा तीन ही संख्या भाषेच्या अंतर्गत इतिहासातूनच आलेली दिसते. तिच्यासाठी भारतात जाण्याचे कारण उरत नाही. चेन यांच्या निबंधाचे खरे मोल दुसऱ्या ठिकाणी आहे. भाषेत सूर असणे आणि ते आहेत याची जाणीव होऊन त्यांस नावे मिळणे, या दोन घटना त्यांनी वेगळ्या काढल्या. दुसऱ्या घटनेमागे भारतीय ध्वनिविचाराची चाहूल असावी, हा तर्क अद्याप विचारार्ह आहे. संस्कृत जाणणाऱ्या आमच्या अभ्यासकांनी हा निबंध मुळातून तपासावयास हवा, आणि तो सूचीत सापडतच नसेल तर तपासणार कसा?

मराठी वाचकास सर्वांत परिचित असलेला चेन तर या मथळ्याखाली येतच नाही. दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएनत्संग हा पूर्वाश्रमीचा चेन होय. चौथ्या शतकापासून चिनी भिक्षू कुलनाम टाकून ‘शाक्य’ या शब्दाचे आद्याक्षर ‘श’ हेच आडनाव म्हणून लावीत. ७५ ग्रंथांची १,३३५ प्रकरणांत भाषांतरे करणारा हा पंडित त्यामुळे कुळातून सुटला. यिन-ख यांनी त्याच्या विज्ञानवादी शिकवणुकीविषयी, ती चिनी भूमीत रुजली नाही, असा रोखठोक निर्णय दिला आहे. आडनावाची भीड त्यांना पडलेली दिसत नाही.

श्रेय योग्य व्यक्तीस मिळावे ही अडचण आता विज्ञानपत्रिकांनाही जाणवली असून, २००७ च्या अखेरीस ‘फिजिकल रिव्ह्यू’ने लेखकाचे नाव रोमनसोबत मूळ अक्षरांत छापण्याची मुभा दिली. आपल्याकडे मात्र आद्याक्षरांचा प्रघात : ‘वाय. चेन’ लिहिले की तिन्ही युआन आणि यिन-ख एका कार्डावर येतात. व्यक्तिनाम पूर्ण लिहिणे व जन्मवर्ष देणे ही किमान दक्षता होय.

देवनागरीस येथे एक लाभ आहे, तो आपण वाया घालवितो. महाप्राणाचा भेद आपल्या वर्णमालेत तयार असता आपण इंग्रजीवरून ‘चेन’ लिहितो, जो मराठीत गळ्यातील साखळीचा शब्द आहे. चिनी स्वर आपल्या अकाराच्या जवळचा, व्यंजन महाप्राण. म्हणून आडनाव ‘छन्’ लिहावे व यांग यांच्या नावातील अंश ‘चन्’. मूळ व्यंजन मूर्धन्याकडे झुकते, ते आपल्या छकारात पुरते येत नाही. च, ज, झ यांचे दंत्य उच्चार मराठीत आहेत, छचा नाही. त्यामुळे काही अन्य चिनी आडनावांसाठी वेगळी सोय लागेल. या लेखात रूढ रूप ठेवले आहे ते केवळ वाचकास मथळा ओळखता यावा म्हणून.

यिन-ख यांच्या शेवटच्या अक्षराचा प्रश्न उरतो. कोशाप्रमाणे तो ‘ख’. विद्वन्मंडळात ‘छ्युए’ हाही उच्चार रूढ आहे. १९३६ मध्ये हार्वर्डच्या आशियाविषयक पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखावर जर्मन धाटणीच्या रोमनमध्ये जे नाव आहे, त्याच्या शेवटी ‘को’ आहे. तेव्हा मुख्य नोंद ‘छन् यिन-ख’ अशी ठेवून दुसऱ्या उच्चारावरून तिच्याकडे नेणारे एक निर्देशपत्र घालावे, आणि तसेच एक ‘चर्न’वरूनही.