झडपेखालचे चित्र

दसरा-पाडव्याचे मुहूर्त जवळ आले की आपल्याकडे घरांच्या जाहिरातींना बहर येतो. यंदा मामेभाऊ 'चल, घर पाहून येऊ' म्हणाला, म्हणून मीही पुण्यातल्या एका विक्री-कार्यालयात गेलो. घर अर्थातच बांधलेले नव्हते. जागेवर पत्र्याचे कुंपण आणि आत एक खोल खड्डा होता. आम्हांला गार खोलीत बसवून मोठ्या पडद्यावर दोन मिनिटांचे चलच्चित्र दाखवण्यात आले. फाटक उघडले, गुलमोहोरांच्या रांगेतून आम्ही तरंगत आत शिरलो, कारंज्याला वळसा घालून सातव्या मजल्यावर पोचलो आणि दिवाणखान्यात सोनेरी ऊन पसरले. दिवे लागल्यावर मामी एवढेच म्हणाली, "घर छान आहे रे, पण यात कपडे कुठं वाळत घालतात?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. या चित्रांना त्या धंद्यात 'वॉकथ्रू' म्हणतात. नाटक-सिनेमांची परीक्षणे आपण हौसेने वाचतो. पण ज्या दोन मिनिटांच्या भरवशावर माणसे वीस वर्षांचे हप्ते अंगावर घेतात, त्यांचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. ते करून पाहावे, असे मनात आले.

माझा एक जुना विद्यार्थी हेच काम करतो. त्याच्या शेजारी बसून मी ते पाहिले. आर्किटेक्टच्या नकाशावरून संगणकात घराची प्रतिकृती उभी करायची, भिंतींना रंग आणि फरशीला चकाकी द्यायची, झाडे लावायची, सूर्य ठरवायचा आणि मग कॅमेऱ्याची वाट आखायची. सेकंदाला २५ चित्रे धरली तर एका मिनिटाला १५०० चित्रे होतात. पूर्वी एकेका चित्राच्या हिशेबाला संगणकाने पाच मिनिटे घेतली, तर त्या एका मिनिटासाठी १२५ तास, म्हणजे पाच दिवसांहून अधिक काळ लागे. २०१० साली बाजारात आलेल्या 'ल्युमिऑन'सारख्या प्रणालींनी हे काम फारच सोपे केले. आता झाड लावणे हा बोटाचा खेळ झाला आहे.

साधन सोपे झाले की कसब कशात असते, हा प्रश्न उरतो. ॲलेक्स रोमन या टोपणनावाच्या स्पॅनिश कलावंताने २००९ साली 'द थर्ड अँड द सेव्हन्थ' नावाचा सुमारे बारा मिनिटांचा लघुपट केला. आपल्याला अहमदाबादच्या व्यवस्थापन-संस्थेमुळे परिचित असलेल्या लुई कान यांचे एक्झेटरचे ग्रंथालय आणि ढाक्याचे संसदभवन त्यात आहे. सारे संगणकावर घडवलेले; पण कॅमेऱ्याला घाई नाही. उजेड भिंतीवरून सरकतो, आणि आपण तो सरकेपर्यंत थांबतो. घर पाहायचे ते असे. आमच्या वॉकथ्रूतला कॅमेरा मात्र घारीसारखा उडत होता, आणि रुंद भिंगातून दहा फुटांची खोली सभागृहाएवढी दिसत होती. माणसाच्या डोळ्याची उंची आणि माणसाच्या पायाची चाल या दोन गोष्टी सांभाळल्या, तरी निम्मे खोटे गळून पडेल.

उरलेले निम्मे अधिक गंभीर आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो. नकाशाप्रमाणे त्या दिवाणखान्याला एकच खिडकी होती आणि ती उत्तरेला होती. पुण्यात डिसेंबरच्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. गंमत अशी, की गावाचे अक्षांश, तारीख आणि वेळ दिली की संगणक सूर्य बिनचूक जागी ठेवतो. तो चुकत नाही. त्याला चुकवावा लागतो. गुलमोहोरांचेही तेच. ताबा मिळेल त्या दिवशी तिथे काठीला बांधलेली रोपे असतील.

या बाबतीत इंग्लंडच्या हंफ्री रेप्टनची आठवण होते. हा उद्यानरचनाकार १७८८ पासून जमीनदारांच्या बागा आखून देई, आणि अनेक आराखड्यांची तांबड्या बांधणीची वही करी. तिच्यातल्या जलरंगी चित्राच्या काही भागावर कागदाची झडप असे. झडप मिटलेली असताना जागा आज आहे तशी दिसे; उचलली की नवी बाग दिसे. १८१६ च्या ग्रंथात त्याने स्वतःच्या घरासमोरचा देखावाही असाच दिला आहे. आधीच्या चित्रात कुंपणाशी भिकारी उभा आहे, रस्त्यापलीकडे खाटकाचे दुकान आहे. नंतरच्या चित्रात भिकारी नाही आणि दुकान फुलझाडांआड गेले आहे. रेप्टनलाही आपला माल विकायचाच होता आणि त्याने काय झाकले हे आपल्याला बोचते. पण बोचते ते त्याने दोन्ही चित्रे आपल्या हाती ठेवली म्हणूनच.

आजच्या वॉकथ्रूत ही झडपच नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. तिथे खड्डा नाही, शेजारची इमारत नाही, वाळत घातलेले एक धोतरही नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या बाराव्या कलमाने जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून नुकसान झालेल्याला भरपाईचा हक्क दिला आहे, हे चांगलेच झाले. परंतु कायदा फसल्यानंतर धावून येतो. पाहणाऱ्याची नजर आधी कामाला येते. एकच वाट तीनदा दाखवावी: आजची, ताब्याच्या दिवशीची आणि दहा वर्षांनंतरची. मधे एखादी आषाढातली दुपारही असावी.

मी विद्यार्थ्याला विचारले, "अरे, तुम्ही पाऊस का दाखवत नाही?"

तो म्हणाला, "सर, पाऊस एका बटनावर पडतो. पण तो कुणी मागतच नाही."

तेव्हा वाचकहो, आपणच मागावा. मामेभावाने पाडव्याला पैसे भरण्याचे तूर्त लांबणीवर टाकले आहे. डिसेंबरातल्या दुपारचा दिवाणखाना आणि रोपांच्या उंचीची बाग, एवढे दोन देखावे त्याने कार्यालयाकडे मागितले आहेत. मामीने त्यात कपड्यांच्या दोरीची भर घातली आहे.